प्रेसशॉपमधलं गाणं

‘पॅरानॉइड’ माझ्याकडे आलं ते कॅसेटच्या शेवटी, टेप थोडी उरली होती म्हणून मित्रानं भरून दिलेलं. गंमत म्हणजे हे गाणं जन्मलंही असंच. जून १९७० मध्ये बर्मिंगहॅमचा हेवी मेटल बँड ‘ब्लॅक सबाथ’ लंडनला दुसरा अल्बम रेकॉर्ड करत होता आणि अल्बमची लांबी कमी पडत होती. टोनी आयोमीनं गिटारवर एक रिफ काढला, बास वाजवणारा गीझर बटलर झटपट शब्द लिहून मोकळा झाला आणि ऑझी ऑस्बर्ननं ते गाऊन टाकलं. ही भरती सिंगल म्हणून बाजारात आली आणि ब्रिटनमध्ये थेट चौथ्या क्रमांकावर गेली. अल्बमचं ठरलेलं नाव होतं ‘वॉर पिग्ज’, ते बदलून ‘पॅरानॉइड’ झालं. मुखपृष्ठावरचा ढाल-तलवारवाला माणूस मात्र जुन्याच नावासाठी उभा राहिलाय.

कॉलेजात मला त्यात फक्त दणका ऐकू यायचा. तेवढा पुरायचाही.

मग भोसरीत नोकरी लागली, पत्र्याचे जॉब काढणाऱ्या प्रेसशॉपमध्ये. डाय बसवली, पत्रा सरकवला, पेडल दाबलं की पंच खाली. आठ तास तोच ठेका. आमच्या लाइनवर एक काका होते, डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धं. जेवताना भाकरी ते उरलेल्या बोटांनी इतक्या सफाईनं मोडायचे की नव्या माणसाच्या लक्षातही येऊ नये. कधी, कसं, हे त्यांना कुणी विचारत नसे. प्रेसशॉपमध्ये ते विचारायची रीत नाही.

आयोमीची गोष्ट मी त्याच दिवसांत वाचली. सतराव्या वर्षी तो पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी परत जायचंच नव्हतं, पण हातातलं काम पुरं करून ये, असं आईनं बजावलं. प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला तिथं बसवलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा नेमका तोच हात. कारखान्याच्या मॅनेजरनं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेला, तरी गिटारमध्ये ज्याचं नाव आदरानं घेतात असा वादक. मग आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, त्याच्या टोप्या केल्या, पॉलिशपेपरनं घासून बोटांवर बसवल्या आणि वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दुखायच्या म्हणून बॅन्जोच्या पातळ तारा लावल्या. हे सगळं कारखान्यातल्या माणसाचं डोकं आहे. फिटर याहून वेगळं काय करतो?

तेव्हापासून ते गाणं मला वेगळं ऐकू येतं. दोन-तीन तारांवर पकडलेल्या ठाशीव कॉर्ड्स, नाजूक नक्षी जवळजवळ नाहीच. टोप्या घातलेल्या बोटांना तारेचा स्पर्श नीट कळत नाही, तेव्हा जे ठामपणे पकडता येईल तेच वाजवायचं. हेवी मेटलचा उगम सैतान आणि काळी जादू यांत शोधणाऱ्यांनी आधी पॉवर प्रेसपाशी जावं, असं माझं मत आहे.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये, ‘ब्लॅक सबाथ’च्याच अ‍ॅस्टन भागातल्या व्हिला पार्कवर, मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजले. ऑझी सिंहासनावर बसून गायला. कार्यक्रमाचं शेवटचं गाणं ‘पॅरानॉइड’च होतं. २२ जुलैला तो गेला.

मी आता निवृत्त आहे, पण ओळखीच्या शॉपमध्ये अधूनमधून जातो. नव्या प्रेसना दोन बटणं असतात. दोन्ही हात त्यांवर असल्याशिवाय पंच उतरत नाही. उत्पादन वाढावं म्हणून एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं अजूनही दिसतं. तुमच्या शॉपमध्ये तसं असेल, तर ती पट्टी आजच काढा.