दुबेंची तारीख

२५ डिसेंबर, रात्र

नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबे २०११ मध्ये आजच्याच दिवशी गेले. संध्याकाळी दादरला काम होतं, म्हणून दुबेंच्या आठवणीनं मुद्दाम छबिलदास शाळेच्या गल्लीतून आलो. फेरीवाले, पिशव्या, धक्के. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं इथल्या शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं केली, हे या गर्दीत सांगूनही कोणाला पटायचं नाही.

दुबे बिलासपूरचे. मुंबईत आले ते क्रिकेटपटू व्हायला! अल्काझींच्या ‘थिएटर युनिट’ या नाट्यसंस्थेत शिरले आणि बॅट सुटली. धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’ मुळात रेडिओसाठी लिहिलेलं. ते रंगमंचावर उभं राहील हा विश्वास दुबेंचा. मग बादल सरकार, मोहन राकेश, कर्नाड, तेंडुलकर. चार भाषांतली नाटकं, पण माणूस एकच, हट्टी. विमा महामंडळात नोकरी करणारे अमरीश पुरी त्यांच्याच तालमींत घडले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा चित्रपटही (१९७१) दुबेंचाच. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हती, हे मला दर वेळी नव्यानं आठवावं लागतं.

नेपथ्य नसलं तरी चालेल, शब्द मात्र शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या शिव्यांचे किस्से लोक फार चवीनं सांगतात. मला त्यांत रस नाही. (थोडा आहे.)

घरी येऊन एक जुनी संहिता काढली, उभा राहून मोठ्यानं वाचली. तिसऱ्याच वाक्याला दम लागला. शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, “बरं आहे ना सगळं?”