रिकाम्या फुलदाण्या

माणसाने काय जमवावे याला काही शास्त्र नाही. कुणी तिकिटे जमवतो, कुणी नाणी, कुणी नुसत्याच मोठ्या माणसांच्या ओळखी. यांतल्या पहिल्या दोन छंदांना समाजात प्रतिष्ठा आहे आणि तिसऱ्यात फायदा आहे. जुन्या फुलदाण्या आणि जुनी छापचित्रे जमवणाऱ्याच्या वाट्याला मात्र दोन्ही येत नाहीत. तिकिटांची वही फडताळात मावते. दीड फूट उंचीची चिनी मातीची फुलदाणी मावत नाही. ती जिथे ठेवावी तिथे नेमके मूल धावत येते, केरसुणी येते, नाहीतर पाहुण्याचे कोपर येते.

आणि वर तो प्रश्न असतोच. लग्नानंतर पहिल्याच दसऱ्याला सौ.ने झेंडूची फुले हातात घेऊन मला विचारले होते, "फुलदाणीच आहे ना ही? मग तिच्यात फुले का नाही ठेवायची?" प्रश्न बिनतोड होता. जुन्या झिलईला केसासारख्या बारीक भेगा असतात, त्यांतून पाणी आत मुरते आणि पिवळे डाग पडतात, असे मी सांगून पाहिले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि फुले पितळी तांब्यात ठेवली. तेव्हापासून आमच्या घरी फुले तांब्यात असतात आणि फुलदाण्या रिकाम्या असतात. येणारा-जाणारा हे पाहून काय समजायचे ते समजतो.

फुलदाणी हातात घेतली की जाणकार आधी तिचे तोंड पाहत नाही, बूड पाहतो. मुली पाहायला जाणाऱ्यांच्या अगदी उलट! बुडाखालच्या कड्यावर झिलई नसते. तिथे मातीचा खरा रंग दिसतो, आणि शंभर वर्षे लाकडावर-दगडावर घासून त्या कड्याला एक गुळगुळीतपणा आलेला असतो. तो कानशीने आणता येतो, पण कानस सगळीकडे सारखी फिरते आणि काळ तसा फिरत नाही. मग नखाने हलकेच टिचकी मारायची. चांगल्या भांड्याचा नाद घंटेसारखा लांबत जातो. अदृश्य तडा असला की ठप्प आवाज येतो. खालच्या शिक्क्यावर विश्वास ठेवू नये. चिनी कारागिरांनी पूर्वीच्या बादशहाचे नाव नंतरच्या भांड्यांवर सर्रास घातले, आणि ते नेहमीच फसवण्यासाठी नव्हे, पुष्कळदा निव्वळ आदराने. कांग्शी बादशहा 1722 साली वारला, पण त्याच्या नावाची भांडी एकोणिसाव्या शतकातही भट्टीतून निघत होती. त्यापेक्षा इंग्रजी अक्षरे अधिक खरे बोलतात. बुडाशी 'चायना' असे इंग्रजीत छापलेले असेल तर ते भांडे बहुतेक 1891 नंतरचे, कारण आयात मालावर देशाचे नाव हवे असा कायदा अमेरिकेने त्या सुमारास केला. तेव्हा ते अक्षर दिसूनही दुकानदार मिंग घराण्याच्या गोष्टी सांगू लागला, तर चहा प्यावा आणि उठावे.

मुंबईला ही भांडी आली ती व्यापाराच्या गलबतांतून. इथून कापूस आणि अफू कॅन्टनला जाई, आणि परत येताना रेशीम, चहा आणि चिनी भांडी येत. त्या अफूने चीनमध्ये किती घरे बसवली, हे त्या सुंदर निळ्या नक्षीकडे पाहताना विसरता येत नाही, आणि विसरूही नये. पारशी घराण्यांच्या दिवाणखान्यांतल्या कित्येक फुलदाण्या अशाच आल्या. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा या दोघा भावांचे संग्रह पुढे म्युझियमला मिळाले, आज ज्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात त्याला. तिथल्या चिनी-जपानी दालनात एखाद्या दुपारी जाऊन उभे राहावे. गर्दी खाली मूर्तींपाशी असते, इथे पहारेकरी आणि आपण.

आपल्याकडेही या विद्येचा एक प्रयोग झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत 1870 नंतरच्या वर्षांत जॉर्ज टेरी यांनी मातीकामाचा विभाग उभारला. त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भिंतींची चित्रे उतरवून घेत होते, आणि ती कमळे, ते हत्ती, त्या वेली कलाशाळेच्या फुलदाण्यांवर चढल्या. साहेबाच्या कपाटासाठी केलेला माल होता तो. त्यातला पुष्कळसा विलायतेत गेला, आणि आज त्यांतले चांगले नमुने पाहायचे तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जावे लागते.

छापचित्रांचे वेड मला नंतर लागले. ते कमी जागा खाते म्हणून घरात त्याचे स्वागत झाले. एचिंग म्हणजे काय, हे मी आजवर इतक्यांना सांगितले आहे की आणखी एकदा सांगायला हरकत नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. त्यावर सुईने चित्र काढायचे, म्हणजे जिथे सुई फिरेल तिथे तांबे उघडे पडते. मग पत्रा तेजाबात बुडवायचा. तेजाब उघडे तांबे खातो, मेणाला हात लावत नाही. मेण काढून त्या चरांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, आणि ओलसर कागद ठेवून दाबाखालून काढायचा. कागद चरांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून खऱ्या एचिंगवर बोटाच्या टोकाला रेघ किंचित उंच लागते, आणि पत्र्याच्या चारी कडांचा ठसा कागदावर खोल उमटलेला असतो. भिंग लावले आणि रेघेच्या जागी ठिपके दिसले, की ते यंत्रावरचे अलीकडचे छापील चित्र समजावे, मग ते चहाच्या पाण्यात बुडवून कितीही म्हातारे केलेले असो. चहाचा डाग कागदभर एकसारखा चढतो, खरे वय कडांकडून आत येते.

या चित्रांमागची माणसे मला चित्रांइतकीच आवडतात. अँटवर्पचा बाल्थझार सॉल्विन्स 1791 साली कलकत्त्याला आला. त्याने राजेरजवाडे सोडून दिले आणि पालखीचे भोई, भिस्ती, सुतार, कोळी, संन्यासी अशी माणसे उभी करून अडीचशे रंगीत एचिंग्ज काढली. पुस्तक खपले नाही. पुढे पॅरिसला त्याने तेच काम नव्याने, मोठ्या थाटात केले, चार मोठे खंड काढले, तेही खपले नाहीत. आज त्या भोयांचे चेहरे पाहायचे तर सॉल्विन्सशिवाय आपल्याला फारसा दुसरा आधार नाही.

त्याच वर्षी जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईला उतरला. तो पुण्याला गेला, त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणिसांची चित्रे रंगवली, आणि रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या खटपटीने शनिवारवाड्यात एक चित्रशाळाही निघाली. गंगाराम तांबट हा पुण्याचा कारागीर तिथलाच. त्याने वेरूळची लेणी रेखाटली. 1795 च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुढच्याच महिन्यात वेल्सही गेला, आणि चित्रशाळा तिथेच आटोपली. वेल्सच्या वेरूळच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने 1803 साली लंडनला चोवीस छापांचे पुस्तक काढले. त्यातला एक सुटा छाप माझ्याकडे आहे. कागदाला वाळवी लागली होती, एक कोपरा नाही, म्हणून मला परवडला. तांबटाची रेखाटने आता अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

'सुटा छाप' हे शब्द मी सहज लिहिले, पण या छंदातले खरे दुखणे त्यांतच आहे. मटन स्ट्रीटच्या एका दुकानात मी एकदा चामडी बांधणीचे जुने प्रवासवर्णन पाहिले. निम्मी चित्रे कापून गेली होती, निम्मी शिल्लक होती. दुकानदाराने पाते काढून ठेवले होते, मी म्हणेन ते पान तो कापून देणार होता. सबंध पुस्तकाची किंमत विचारली तेव्हा तो हसला. "साहब, किताब दीवार पे थोडी लगती है?" त्याचा हिशेब चोख होता. पुस्तक एक गिऱ्हाईक घेते, पाने चाळीस गिऱ्हाइके घेतात. मी तेव्हापासून एक नियम पाळतो. बांधणीत असलेले पान माझ्यासाठी कापू द्यायचे नाही. आधीच सुटे झालेले असेल तर घ्यायचे. सौ. म्हणते, ते सुटे पानही कधीतरी कुणीतरी तुमच्यासारख्यासाठीच कापले असेल. यावर मला उत्तर सुचलेले नाही. नियम मात्र चालू आहे.

फुलदाण्यांची पाने कापता येत नाहीत, पण जोड्या फोडता येतात. गिरगावातल्या एका जुन्या चाळीतून मला मध्यंतरी बोलावणे आले. चाळ पाडून तिथे मनोरा उभा राहायचा होता, आणि महिनाभरात बिऱ्हाडे हलायची होती. जिन्यात फडताळे, देव्हारे, शिसवी पलंगाचे खांब उतरत होते, आणि खाली भंगारवाला काटा घेऊन बसला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि कोपऱ्याकडे बोट केले. एका फुलदाणीत छत्र्या होत्या आणि दुसरीत त्यांच्या यजमानांच्या काठ्या.

जपानी सत्सुमाची जोडी होती ती. साय धरल्यासारखी पिवळसर झिलई, तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, आणि त्यावर सोन्याने मढवलेले अर्हत, त्यांच्या मागे आणखी अर्हत. जाणकार या मालाला नाके मुरडतात. परदेशी गिऱ्हाइकासाठी ओतलेला भडकपणा म्हणतात. खरेही आहे. पण समोरासमोर ठेवलेल्या त्या जोडीत एकावरचे म्हातारे उजवीकडे पाहत होते आणि दुसरीवरचे डावीकडे, एकमेकांकडे. आजींचे आजेसासरे एका कापूस कंपनीत कारकून होते आणि कंपनीने त्यांना कोबेला धाडले होते. मुंबई-कोबे ही जपानी बोटींची थेट ये-जा जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने 1893 साली सुरू झाली, कापसासाठीच. तिथून परतताना त्यांनी ही जोडी आणली. समुद्र ओलांडला म्हणून तेव्हा जे व्हायचे ते घरात झाले, आणि प्रायश्चित्ताच्या दिवशीसुद्धा या दोघी कोपऱ्यात उभ्या होत्या, असे आजींनी सासूकडून ऐकलेले.

आता प्रश्न असा होता की मुलगे दोन. थोरले पुण्याला, त्यांच्या नव्या जागेत काही मावत नव्हते. विकून पैसे आईच्या नावावर टाकावेत असे त्यांचे मत, आणि त्यात वावगे काही नव्हते. धाकटे न्यूजर्सीला. त्यांना आठवण म्हणून एक हवी होती. "दोघांना एकेक," आजी म्हणाल्या, "सरळ आहे की नाही?"

सरळ नव्हते. शंभर वर्षांवरची कलावस्तू आपल्या 1972 च्या कायद्याप्रमाणे खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि जोडीची किंमत एकीच्या दुपटीहून पुष्कळ जास्त असते. फोडली की दोन्ही मुलांचे नुकसान. मी त्यांना हे सांगितले, आणि चांगला व्यापारी जोडीला काय देईल त्याचा अंदाजही सांगितला. भंगारवाल्याने दिलेल्या आकड्याच्या तो शंभर पट होता. तेवढे पैसे माझ्याजवळ नव्हते. ते सांगताना माझे डोळे त्या फुलदाण्यांवरून हलत नव्हते, हे आजींनी पाहिले असावे.

"तुम्हाला हव्यात ना?" त्या म्हणाल्या.

"हव्या आहेत. पण परवडणार नाहीत."

"मग विकत घेऊ नका. ठेवा." मी काही बोलणार तोच त्यांनी हाताने थांबवले. "धाकट्याची मुलगी तिकडे शिकतेय. इकडे यायचं म्हणते, दोन वर्षं झाली म्हणतेय. आली तर तिच्या. नाही आली तर थोरल्यानं विकाव्यात, तुम्ही चांगलं गिऱ्हाईक बघून द्या. तोवर आमच्याकडे जागा नाही, तुमच्याकडे आहे." आमच्याकडे जागा आहे, हे वाक्य मी घरी जसेच्या तसे सांगितले नाही.

थोरल्या चिरंजीवांनी दोन प्रतींत यादी केली, आम्ही तिघांनी सह्या केल्या. छत्र्या आणि काठ्या आजी घेऊन गेल्या. टॅक्सीत मी एक फुलदाणी मांडीवर आणि एक पायांत धरून आलो, आणि सौ.ने दार उघडले तेव्हा ती आधी फुलदाण्यांकडे पाहत राहिली आणि मग माझ्याकडे.

याला आता तिसरी दिवाळी. जोडी काचेच्या कपाटात आहे, एकमेकींकडे तोंड करून, आणि डावीच्या आत यादीची प्रत गुंडाळून ठेवली आहे, म्हणजे माझ्या मागे कुणाचा गैरसमज नको. आजी दर पाडव्याला फोन करतात. आधी माझी, मग मुलांची, मग त्या दोघींची चौकशी करतात. गेल्या खेपेला म्हणाल्या, नात जानेवारीत येतेय, तिकीट काढलंय, आणि तिला फुलदाण्या घेऊन जायच्या नाहीयेत, इथेच राहायचंय, नोकरी बघतेय. मी आनंद व्यक्त केला. तो खरा होता. मग आत जाऊन कपाटाची काच पुसली, ती मळलेली नव्हती तरी.