अजिंठ्याचा अंधार आणि दोन कॅमेरे

आमच्या वडील बंधूंस आतां पायऱ्या चढवत नाहींत. पद्मपाणीचें मुख पुन्हां पाहण्याची इच्छा मात्र सुटलेली नाहीं. म्हणून अजिंठ्यास जातांना आम्हीं २०१२ चा, खिशांत मावणारा सोनी आरएक्स-१०० आणि पुतण्याचा २०१८ चा मिररलेस ए-७ मार्क-३ असे दोन कॅमेरे बरोबर घेतले. पहिल्या लेण्यांत फ्लॅशला मज्जाव. लहान कॅमेऱ्याचें प्रकाशग्राही पटल १३.२ × ८.८ मिलिमीटरांचें, मोठ्याचें सुमारें ३६ × २४. म्हणजे क्षेत्रफळ सातपट! त्या मंद प्रकाशांत लहानाचें चित्र दाणेदार झालें. मोठ्यानें अर्धोन्मीलित नेत्रही स्वच्छ टिपले. बाहेर वाघोरा नदीच्या कांठीं, उन्हांत, दोहोंतील भेद शोधावा लागला. लहान अवघा २४० ग्रॅम, मोठा भिंगावांचूनच ६५०. आमच्या मानेस तो भेद शोधावा लागला नाहीं. घरीं दादांनीं चष्मा पुसून तें मुख बराच वेळ न्याहाळलें. “डोळे तेच,” एवढेंच म्हणाले.