परिषदेतील चहाची वेळ

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा ‘माझा संशोधनप्रवास’ हा विषयही त्यांनीच सुचवला होता. त्या विषयावर लिहिण्यासारखे थोडे आहे आणि ते रूक्ष आहे. विवराभोवतीची माती गोळा करणे, चाळणे, तिची यंत्रावर तपासणी करणे, आकडे मांडणे यातच माझी वर्षे गेली. त्यापेक्षा आपल्या शाळेतून पुढे शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडेल अशी एक वेगळी हकिकत सांगावी असे मनात आले. ती सभागृहातली नसून सभागृहाच्या बाहेरची आहे. शोधनिबंध लिहिणे आपल्या मुलांना जमते, परीक्षा तर त्यांच्या हातचा मळ. अवघड जाते ते चहाच्या सुट्टीत कप हातात घेऊन नेमके कोणाजवळ जाऊन उभे राहावे हे ठरवणे.

आठवीत असताना गुरुजींनी आम्हांला लोणारला नेले होते. अमडापूरहून चिखली, तेथून मेहकर, मग लोणार असा एसटीचा प्रवास. सोबत वसतिगृहातून बांधून दिलेली भाकरी आणि कोरडी चटणी. विवराच्या काठावर उभे राहून गुरुजींनी आधी लोणासुराची कथा सांगितली. विष्णूने त्या दैत्याला मारले, म्हणून गावात दैत्यसूदनाचे मंदिर आहे. कथा संपल्यावर ते म्हणाले, “आता दुसरी गोष्ट ऐका. हिला पुरावा आहे.” आणि त्यांनी उल्केची गोष्ट सांगितली. हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्वालामुखीचे नसून आघाताचे आहे, हे १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कर्ट फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी सप्रमाण मांडले. आघाताच्या धक्क्याने बेसाल्टमधल्या फेल्डस्पार खनिजाची काच झालेली त्यांना आढळली होती. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशी बेसाल्टचा आहे आणि पृथ्वीवर बेसाल्टमध्ये झालेली आघातविवरे मोजकीच; त्यांतले उत्तम टिकलेले ते आपल्या बुलढाणा जिल्ह्यात. मंगळाचा अभ्यास करणारे परदेशी लोक आपल्या जिल्ह्याचे नाव जाणतात, हे ऐकून आम्ही पोरे काही दिवस छाती काढून चालत होतो.

पुढे मी भूविज्ञान घेतले आणि लोणारच्याच कामाला लागले. आघाताच्या वेळी विवरातून बाहेर उडून काठाभोवती पसरलेला दगडमातीचा थर हा माझ्या अभ्यासाचा विषय.

पहिल्या परिषदेला गेले ती आपल्याच देशातल्या एका मोठ्या शहरात. आयोजक संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. व्याख्याने उत्तम झाली, टिपणे काढून माझी अर्धी वही भरली. चहाच्या वेळी मात्र माझ्या ध्यानात आले की सर्वांची मंडळे आधीच ठरलेली आहेत. एका मार्गदर्शकाचे विद्यार्थी एकीकडे, एका संस्थेचे दुसरीकडे. कोणाचे वडील कोणाचे सहाध्यायी होते. एका ज्येष्ठ गृहस्थांनी आपुलकीने माझे नाव विचारले. मी पहिले नाव सांगितले. “पूर्ण नाव?” तेही सांगितले. मग गाव, मग “तुमचे वडील काय करतात?” उत्तरे मिळाल्यावर ते “छान, छान” म्हणाले आणि शेजारच्या मुलाकडे वळले. त्याला त्यांनी त्याच्या कामाविषयी विचारले. माझे काम काय, हे विचारायचे राहूनच गेले. त्यांनी माझा अपमान केला असे मी म्हणणार नाही. पण हा प्रश्नांचा क्रम आपल्या समाजातल्या प्रत्येकाला पाठ आहे, आणि तो कोठे जाऊन थांबतो हेही.

त्या रात्री स्नेहभोजन होते. मी गेले नाही. खोलीत बसून शेव-मुरमुरे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशीची व्याख्याने वाचून ठेवली. तेव्हा तो मला मोठा शहाणपणा वाटला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सहज कानावर आले की आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर लोणारच्या नमुने-संकलनाचा एक संयुक्त बेत ठरला. कोण जाणार, कोणत्या बाजूने खणणार, विश्लेषण कोठे करणार, सगळे ठरले. काठाच्या ज्या बाजूला त्यांना खणायचे होते तेथल्या शेतकऱ्यांना मी नावानिशी ओळखत होते. मला कोणी वगळले नव्हते. मी तेथे नव्हतेच.

आपल्याकडे ‘ओळख’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दुसऱ्या अर्थाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या फार छळले आहे. ओळखीने नोकरी लागते, ओळखीने काम होते, ओळख नसलेल्याचा अर्ज ढिगाच्या तळाशी जातो. म्हणून आपल्या घरांतून शिकवण मिळाली ती अशी की आपण ओळखी काढायच्या नाहीत, गुणांवर जायचे. ही शिकवण स्वाभिमानाची आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. पण वशिला आणि परिचय यांत फरक आहे, आणि तो मला उशिरा कळला. वशिल्याने न झालेले काम झाले असे दाखवता येते. परिचयाने झालेले काम तपासून घेता येते. विज्ञानात दुसऱ्याने तपासल्यावाचून कोणाचेच काम पुरे होत नाही, आणि तपासणाऱ्याला तुम्ही आहात हे आधी ठाऊक तरी असावे लागते.

ग्रहविज्ञानाचा समाजच मुळी अशा एका भेटीतून उभा राहिला. अपोलो ११ ने आणलेले चंद्राचे दगड १९६९ च्या सप्टेंबरात निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगशाळांना वाटले गेले आणि सर्वांनी आपापले निष्कर्ष जानेवारी १९७० पर्यंत राखून ठेवले. मग ह्यूस्टनला सगळे एकत्र जमले. कोणी रसायनज्ञ, कोणी भूवैज्ञानिक, कोणी भौतिकीवाला; एरवी ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नसते अशी माणसे एकाच दगडाविषयी भांडू लागली. तीच परिषद पुढे दरवर्षी भरू लागली. आज ती चांद्र व ग्रहविज्ञान परिषद म्हणून ओळखली जाते आणि मार्च महिन्यात ह्यूस्टनच्या उत्तरेला वुडलँड्स येथे भरते. मार्च २०१९ मध्ये तिचे पन्नासावे अधिवेशन झाले. त्यासाठी पाठवलेला माझा दोन पानांचा सारांश स्वीकारला गेला. प्रवासखर्चाची तजवीज कशी केली, व्हिसासाठी किती खेटे घातले, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढेच सांगते की आईने आपली पोत गहाण ठेवण्याची तयारी दाखवली होती आणि सुदैवाने ती वेळ आली नाही.

तेथे सायंकाळी भित्तिफलकांचे सत्र असते. मोठ्या दालनात शेकडो फलक, प्रत्येकासमोर त्याचा कर्ता उभा, आणि लोक हातात पेय घेऊन जत्रेतल्यासारखे हिंडत असतात. सुमारे तासभर माझ्यासमोर कोणी थांबले नाही. शेजारच्या फलकापुढे गर्दी होती. पाय दुखू लागले, आणि खोलीवर जाण्याचा जुना मोह झाला. त्या क्षणी, का कोण जाणे, मला आमच्या इतिहासाच्या बाईंची आठवण झाली. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. बाई हे सांगताना नेहमी एक प्रश्न विचारीत, “त्या खोलीत त्यांच्या ओळखीचे किती असतील रे?” आम्ही अर्थातच गप्प.

मी थांबले.

थोड्या वेळाने पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. त्यांनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, “तुम्ही तिथल्याच का?” गाव विचारणारा प्रश्न म्हटला की माझे अंग आखडते, तसे आखडले. पण त्यांचा पुढचा प्रश्न होता, “मग विहिरी खणताना हा थर किती खोल लागतो?” हे मला कोणत्याही ग्रंथात वाचावे लागले नव्हते. आधी दगडगोट्यांचा भुसभुशीत भराव लागतो, मग कठीण काळा पाषाण. पहारीचा आवाज बदलला की विहीर खणणारा वरूनच ओळखतो. मी इंग्रजीत अडखळत हे सांगितले. त्यांनी मला तीन फलकांपलीकडे नेऊन एका तरुण संशोधकासमोर उभे केले आणि म्हणाल्या, “हिच्याकडे विहिरींची माहिती आहे.” पुढे त्याने माझ्या नऊ नमुन्यांचे विश्लेषण करून दिले. त्यांतल्या दोन नमुन्यांविषयीचे माझे म्हणणे चूक निघाले, तेही त्याच्यामुळेच कळले.

याच विषयाशी निगडित असलेली आणखी एक व्यक्ती मला भेटली नाही. भेटणे शक्य नव्हते. सुझन निबर या नासात काम केलेल्या खगोलभौतिकी-शास्त्रज्ञ. ग्रहविज्ञानातल्या स्त्रिया विखुरलेल्या आहेत, एकमेकींना ओळखत नाहीत, हे पाहून त्यांनी २००८ पासून त्यांना एकत्र आणण्यास सुरुवात केली आणि या परिषदेत त्यांच्या सहभोजनाची प्रथा रुजवली. कर्करोगाशी झुंजत असतानाही त्यांनी हे काम सोडले नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचे स्त्रियांचे संमेलन परिषदेत पुढेही भरत राहिले. मी त्यात बसले. आठ-दहा जणी एका टेबलाभोवती, प्रत्येकीने आपले काम थोडक्यात सांगायचे, मग अडचणी. बोलणे मोकळे होते. मात्र माझी जी अडचण होती, ती ज्येष्ठ गृहस्थांच्या प्रश्नांची, ती तेथे सांगावी कशी हे मला सुचले नाही. स्त्री म्हणून बोलले, तेवढेच. उरलेले समजावयाला एक संपूर्ण चर्चासत्र लागले असते.

परतीच्या विमानात वसतिगृहातली पंगत आठवली. आपल्याकडे जेवायला बसताना कोणी आपल्या गावच्या मुलाशेजारी बसायचे नाही, रोज शेजार बदलायचा, असा नियम होता. तो आम्हांला जाचक वाटे. भन्तेजी कल्याणमित्राविषयी सांगत: कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे धम्मजीवन, असे आनंद म्हणाले तेव्हा तथागतांनी त्यांना दुरुस्त केले की अर्धे नव्हे, संपूर्ण. वुडलँड्सच्या त्या दालनातल्या ओळखींना कल्याणमित्रता म्हणावे काय, याविषयी मी साशंक आहे. तेथे स्वार्थही पुष्कळ असतो आणि भेटपत्रिकाही. परंतु पंगतीतला तो नियम ज्याने केला त्याला काहीतरी कळले होते. अनोळखी माणसाशेजारी बसण्याचा सराव लहानपणीच झाला पाहिजे.

२०२० ची परिषद साथीमुळे रद्द झाली आणि २०२१ ची पडद्यावर झाली. ती मी अमडापूरच्या घरातून पाहिली. साडेदहा तासांचा फरक, त्यामुळे रात्रीचे जागरण. नेटवर्कसाठी गच्चीवर जावे लागे. व्याख्यान एकही चुकले नाही. वुडलँड्सच्या वेळी लागलेल्या खर्चाचा शंभरावा भागही लागला नाही, ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपल्या मुलांनी तिचा लाभ घ्यावा. पण त्या आठवड्यात मला एकही नवा माणूस भेटला नाही. कोणी ‘विहीर किती खोल’ असे विचारले नाही.

मागच्या खेपेस शाळेत आले, तेव्हा मुलांना मंगळाचा नकाशा दाखवला. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या एक लाखाहून कमी वस्तीच्या गावांची नावे देतात. त्यांत एक लोणार आहे. २०२४ मध्ये आणखी तीन भारतीय नावे आली. एक मोठे विवर ‘लाल’, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे माजी संचालक देवेंद्र लाल यांचे. आणि दोन लहान, मुरसान व हिलसा. मुरसान उत्तर प्रदेशात, हिलसा बिहारमध्ये. त्याच प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांची ही जन्मगावे. मुले खूप हसली. एका छोट्या गावाचे नाव तेथे जाते ते कोणीतरी त्या गावातून निघून त्या टेबलापर्यंत पोचले म्हणून, हे त्यांना न सांगता कळले असावे. कारण नववीतल्या एका मुलीने लगेच विचारले, “ताई, अमडापूरची वस्ती लाखाच्या आत आहे ना?”

आहे, मी म्हणाले.

“मग नाव द्यायला कोणाला सांगावे लागते?”

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला, मी सांगितले. पण नाव हौस म्हणून मिळत नाही, त्या विवरावर कोणाचे तरी काम चालू असावे लागते, लेखात त्याचा उल्लेख करण्याची गरज पडावी लागते. तिने हे वहीत लिहून घेतले. मग वही पुढे करून म्हणाली, “तुमचा पत्ता पण लिहा.” मी लिहून दिला. त्याखाली त्या तरुण संशोधकाचाही लिहिला आणि रात्री त्याला तसे कळवले.