कोल्ह्याची तंबाखू

हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठाने कुलूचे खोरे पसरले आहे. सफरचंदांच्या बागांसाठी ते प्रसिद्ध आहे. २०२५ च्या जून महिन्यात मी तिकडे गेलो, ते त्या बागा पाहायलाच. पण माझे लक्ष वेधून घेतले ते एका रानटी झाडाने.

रस्त्यासाठी डोंगर फोडून जिथे माती उघडी पडली होती, तिथे ती झाडे पहारेकऱ्यांसारखी उभी होती. उंची माणसाएवढी, काही तर त्याहून हातभर उंच. एकच सरळ दांडा आणि त्याच्या शेंड्याला दाटीने बसलेली पिवळी फुले. सगळी फुले एकदम उमलत नाहीत. आज दोन-चार इथली, उद्या दोन-चार तिथली. एक फूल एकच दिवस टिकते. पानाला हात लावला, तर जुन्या कांबळ्याचा तुकडा हाती आल्यासारखे वाटते. त्या लोकरीसारख्या लवेमुळे गुरेही त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

हिंदी-उर्दूत या झाडाला 'गीदड तंबाकू' म्हणतात. गीदड म्हणजे कोल्हा, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पाने तंबाखूसारखी रुंद, पण खऱ्या तंबाखूची नव्हेत. म्हणून ती कोल्ह्याच्या नावावर घातली असावीत, असा माझा तर्क. फारसीत मात्र त्याला 'गुले माहूर' असे ऐटदार नाव आहे, आणि अरबीत 'अस्वलाचे कान'! पानावरची लव पाहिली की हे नाव अगदी पटते. काश्मीरपासून पार युरोपापर्यंत हे झाड आढळते. आपल्या महाराष्ट्रात नदीकाठी त्याचा एक बुटका भाऊबंद उगवतो. हा उंच भाऊ मात्र थंड मुलखातला.

मी ज्या घरी उतरलो होतो, त्या घरच्या अम्मांची बाग नदीला लागून होती. जुलै २०२३ मध्ये बियासला महापूर आला. खोऱ्यातले रस्ते आणि पूल वाहून गेले, तशी अम्मांची खालची बागही गेली. मी पाहिली तेव्हा तिथे दगड-वाळूचे नुसते माळरान होते, आणि त्यात ही पिवळी झाडे डोलत होती.

"किती सुंदर दिसतात!" मी म्हणालो.

अम्मा थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्टरजी, आमची चाळीस झाडं गेली आणि त्यांच्या जागी हे आलं. मी सुंदर कसं म्हणू?"

यावर मी काय बोलणार? पण हे झाड नेमके तिथेच का यावे, हा विचार माझ्या मनातून जाईना.

या झाडाचे बी खसखशीसारखे बारीक असते. एका झाडाला लाखाहून अधिक बिया धरतात. त्यांना पंख नसतात; वाऱ्याने दांडा हलला की त्या आईच्या पायाशीच पडतात. गवताच्या सावलीत हे बी रुजत नाही. त्याला ऊन हवे, उघडी माती हवी. ती मिळेपर्यंत ते जमिनीत वाट पाहत राहते.

किती वर्षे वाट पाहावी? अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम जेम्स बील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १८७९ साली वीस बाटल्यांत ओलसर वाळू आणि निरनिराळ्या झाडांच्या बिया घालून त्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि कोणते बी अजून जिवंत आहे ते पाहायचे, असा त्यांचा बेत होता. १९२४ साली ते वारले, पण त्यांच्या मागून आलेल्यांनी काम सोडले नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये एक बाटली उकरून काढण्यात आली, तीही रात्री. बियांना उजेड लागू नये म्हणून. १४२ वर्षांनंतर त्यांतल्या ज्या बिया रुजल्या, त्या आपल्या या झाडाच्याच कुळातल्या होत्या!

अम्मांच्या बागेतही असेच घडले असावे. पुराने वरचे गवत खरवडून नेले आणि खालचे बी उजेडात आले. पहिल्या वर्षी या झाडाला फक्त पाने येतात, जमिनीला चिकटून गोल पसरलेली. बर्फाचा एक हिवाळा ते तसेच काढते. दुसऱ्या वर्षी दांडा उंच वाढतो, फुले येतात, बी धरते आणि झाड मरते. २०२३ चा पूर आणि २०२५ ची फुले, हिशेब बरोबर जुळत होता.

संध्याकाळी हे सारे मी अम्मांना सांगितले. बाटल्यांची गोष्ट त्यांनी दोनदा ऐकली.

"मग गवत वाढलं की हे जाईल?"

"झाड जाईल. बी राहील."

"राहू दे. खाली गपचूप पडून राहायला माझी कुठे ना आहे?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या किल्टा पाठीला लावून निघाल्या. किल्टा म्हणजे तिकडची निमुळती टोपली. दगड बाजूला सारून त्यांनी एक छोटा वाफा केला होता. वरून माती आणून त्यात राजमा पेरला होता. वाफ्यातली तीन पिवळी झाडे त्यांनी जोर लावून उपटली. मूळ खोल गेलेले, सहज निघेना. पलीकडे दगडांत उभी असलेली झाडे मात्र त्यांनी तशीच ठेवली.

"ती नाही काढायची?" मी विचारले.

"तिथे अजून माती आणायची आहे," अम्मा म्हणाल्या. "तोवर उभी राहू देत."