अकोल्याची रात्र आणि अंगणातले मुके जीव

संगमनेरहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता प्रवरेच्या सोबतीने अकोल्यास येतो. विदर्भातले अकोला ते निराळे. हे अगस्ती ऋषींचे अकोले. ऋषींचा आश्रम, सिद्धेश्वराचे जुने दगडी मंदिर आणि १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणामुळे हिरवे झालेले खोरे, एवढी ओळख बहुतेक प्रवाशांना पुरते. रतनगड, कळसूबाई, हरिश्चंद्रगड गाठण्याच्या घाईत ते पुढे निघून जातात. या गावाची खरी ओळख मात्र दिवस मावळल्यावर होते.

उसाच्या फडांतून काळोख दाटू लागला, की वस्त्यांवरची कुत्री आधी एका बाजूला भुंकतात, मग एकाएकी गप्प होतात. या गप्प होण्याचा अर्थ येथे लहान मुलांनाही कळतो. बिबट्या जवळ आलेला असतो.

डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खोऱ्यात शेतांच्या बांधांवर, पायवाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावून बिबट्यांची मोजदाद केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने जगाचे लक्ष वेधले. जेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात आणि रान असे उरलेलेच नाही, तेथे शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस वावरत होते. पुढे बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा शोध घेतला गेला. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनापैकी ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला आणि १५ टक्के मांजरांचा. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्क्यांवरच थांबला. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते. कुत्रा उघड्यावर असतो, हे त्याचे साधे कारण.

भटक्या कुत्र्यामांजरांची सेवा करणाऱ्यांपुढे येथे जो पेच उभा राहतो, तो मुंबई-पुण्याच्या सेवकांना सहसा पडत नाही. शहरात उरलेले अन्न चौकात ठेवले तर फार तर शेजारी कुरकुरतात. अकोल्याच्या शिवारात रात्री उशिरा टाकलेल्या भाकरीभोवती कुत्री गोळा होतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. दयेने टाकलेला घास त्याच जिवाला मृत्यूच्या वाटेवर आणून बसवतो. शिवाय बिबट्याचे घराजवळ येणे माणसांच्या लेकरांनाही धोक्याचे.

मग घासच टाकू नये काय? श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अन्नपान-निरोध आहे. आश्रित जिवाचे अन्नपाणी तोडणे हा दोष आहे. पण त्याच यादीत पहिला अतिचार बंध, म्हणजे बांधून ठेवणे. रात्री राखणीसाठी अंगणात साखळीने जखडलेला कुत्रा बिबट्यापासून पळूही शकत नाही. जुन्या टीकाकारांनी बंधाचा विचार करताना, जनावर बांधावेच लागले तर आगीसारख्या प्रसंगी त्याला सुटता येईल असे सैल बांधावे, असे सांगून ठेवले आहे. त्यांच्यापुढे बिबट्या नव्हता. तरी अकोल्यातल्या अंगणाला हे तंतोतंत लागू पडते. कुत्रा रात्री पडवीच्या आत, दाराआड घेणे ही येथली पहिली जीवदया. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, त्यातही हीच काळजी.

जैन घरांची एक जुनी सवय या कामी आपोआप उपयोगी पडते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरात कुत्र्याची भाकरीही उजेडी टाकता येते. ती ठरल्या जागी, रस्त्यापासून व मुलांच्या खेळण्यापासून दूर द्यावी आणि उरलेले उचलून जागा स्वच्छ करावी, म्हणजे काळोखात तेथे कोणी रेंगाळत नाही.

अधिक अवघड प्रश्न नसबंदीचा आहे. पाच अतिचारांतच छविच्छेद आहे, म्हणजे अवयव छेदणे. त्यामुळे पांजरपोळाला सढळ हाताने देणारे दाते शस्त्रक्रियेचे नाव निघताच हात आखडतात. त्यांची शंका खोटी म्हणता येणार नाही. मात्र टीकाकारांनीच क्रोधाने केलेला छेद आणि उपचारासाठी केलेला छेद यांत अंतर मानले आहे. कुत्री सुमारे दोन महिन्यांत विते. त्या पिलांपैकी कित्येक वाहनाखाली, उपासमारीने किंवा बिबट्याच्या तोंडी जातात. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी नसबंदी व रेबीजची लस देऊन कुत्र्याला मूळ जागी सोडण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर ठेवली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळून, हाच मार्ग कायम ठेवला; पुढे नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांसाठी मात्र निराळा, कडक आदेश दिला. लहान गावात शस्त्रक्रियेची सोय उभी करणे खर्चाचे असते. जीवदयेच्या देणगीचा एक हिस्सा इकडे वळला, तर तो चाऱ्याइतकाच सार्थकी लागेल.

मांजरांची कथा वेगळी. ऊसतोडीच्या दिवसांत फडात ठिपक्याठिपक्यांची किंवा पिवळसर पिले सापडतात. कोणी ती बिबट्याची समजून घाबरतो, कोणी भटक्या मांजराची समजून प्रेमाने घरी नेतो. पुष्कळदा ती रानमांजराची असतात. दोन्ही बाबतींत उचलणे चूकच. वनविभागाला कळवून पिले होती तेथेच ठेवली, तर आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. बिबट्याच्या पिलांच्या अशा पुनर्भेटी जुन्नर तालुक्यातील माणिकडोह निवारा केंद्राच्या मदतीने अनेकदा घडल्या आहेत. सेवकाने अशा वेळी करायचे ते एवढेच, की गर्दी पांगवायची आणि स्वतःही निघून जायचे.

तालुक्याच्या पश्चिमेकडील महादेव कोळ्यांच्या गावांत दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. गुराखी रानातल्या वाघोबापुढे नैवेद्य ठेवतात आणि गुराढोरांची राखण मागतात. त्या संध्याकाळी गुरे जरा लवकरच घराकडे वळवली जातात, आणि त्यांच्या मागोमाग गुराख्याचा कुत्राही.