एकोणचाळीस मिनिटं मागची मुंबई

ग्रँट रोडला ईस्टला उतरा आणि थोडं चाला. पाटीवर लिहिलेलं असेल ‘डॉ. भडकमकर मार्ग’. पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांसाठी हा लॅमिंग्टन रोडच! लॅपटॉप, सीसीटीव्हीची चकाचक दुकानं मागे टाकलीत की छोट्या छोट्या ड्रॉवरनी भरलेली दुकानं लागतात. सुट्या पार्ट्सची खरी मुंबई तिथे. जायचं ते शनिवारी, कारण रविवारी बहुतेक शटर्स खाली.

मला स्वतःच्या हाताने डिजिटल घड्याळ बनवायचं होतं. लिस्ट छोटी: अर्डुइनो बोर्ड, चार आकडी डिस्प्ले, ब्रेडबोर्ड, वायरी, एक बटण आणि आरटीसी, म्हणजे रिअल टाइम क्लॉक चिप. काउंटरवरच्या काकांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘तेरा सौ सात दूं या बत्तीस इकतीस?’’

फंडा असा. डीएस १३०७ स्वस्त. पण तिला बाहेरून जोडलेला क्रिस्टल उन्हाळ्या-थंडीत थोडा मागे-पुढे होतो. महिन्याला अर्धा-एक मिनिट सहज चुकतं. डीएस ३२३१ च्या पोटातच क्रिस्टल असतो आणि तापमान मोजून ती स्वतःला सावरते. वर्षाकाठी फरक साधारण एका मिनिटाचा. मी बत्तीस एकतीस घेतली.

आतला हिशेब मस्त आहे. क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. या आकड्याला पंधरा वेळा निम्मं करा, बरोबर एक उरतो. झाला सेकंद! पुढे मिनिटं, तास, तारीख, अगदी लीप वर्षही चिपच सांभाळते. अर्डुइनो फक्त दोन वायरींवरून ‘किती वाजले?’ विचारतो आणि उत्तर डिस्प्लेवर टाकतो. लाइट गेले तरी बटण सेलवर मोजणी चालूच.

पण चिप नुसती मोजते. मोजायला सुरुवात कुठून करायची, हे तिला आपण सांगायचं. म्हणजे कोणाची वेळ?

१ जानेवारी १९०६ ला देशासाठी एक प्रमाणवेळ लागू झाली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ होती ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे नव्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. त्याच जानेवारीत मुंबईतल्या काही हजार गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलं, दगडफेकही झाली. पहाटे उठणाऱ्याला ३९ मिनिटं म्हणजे काय, हे ८.२७ ची लोकल पकडणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत तग धरून होता. आणि १९०६ साली मुंबईचा गव्हर्नर कोण? लॉर्ड लॅमिंग्टन. ज्याच्या नावाच्या रस्त्यावर मी घड्याळाचे पार्ट्स घेत होतो, तोच!

मग प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. बटण दाबलं की चिपच्या वेळेतून ३९ मिनिटं वजा. ही गंमत खोटी नाही हं. मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तो साधारण १२.३९ च्या सुमारास, वर्षभरात थोडा इकडे-तिकडे. म्हणजे बटण दाबल्यावर दिसणारे बारा हेच आपल्या आभाळातले बारा.

सध्या घड्याळ ऑफिसच्या डेस्कवर आहे. सकाळी साडेनऊच्या मीटिंगला बटण दाबलं की दिसतं ८.५१. मीटिंग पुढे ढकलली जात नाही, बॉस प्रमाणवेळेचाच माणूस. पण इतक्या सकाळी झोप का येते, याचं उत्तर आता माझ्या डेस्कवर लाल आकड्यांत असतं.